डंक

एप्रिलात आमच्या दुकानात कुणीही रडू शकतं.
लालबागच्या या गल्लीत
त्याचं कुणाला काही वाटत नाही.
बेडगी, संकेश्वरी, वर मूठभर लवंगी,
डंक खाली आला की डोळे वाहतात
गिऱ्हाइकांचे, हमालांचे, माझे.
माझे या वर्षी जरा जास्त.
बाबा म्हणतात, तोंडाला ओढणी बांध.

माझं काम चिठ्ठीचं.
प्रत्येक पिशवीत एक. नंबर, वजन, आडनाव.
म्हात्रे, चार किलो, त्रिफळं वेगळी.
घाडीगावकर, अडीच, दगडफूल कमी.
तीन वर्षांपूर्वी एका चिठ्ठीवर मी
नुसतं 'सुगत' लिहिलं.

नायगावच्या बीडीडी चाळीतून आला होता,
आईनं लिहिलेली यादी घेऊन.
धणे अर्धा किलो, आणि खाली रेघ मारून:
घरी भाजलेत, पुन्हा भाजू नका, मला कळतं.
समोरच्या बाकावर दोन तास बसला
आणि एकदाही शिंकला नाही.
पुढे कधीतरी म्हणाला,
दाबून धरली होती गं,
तुझ्यासमोर कसा शिंकणार.

बाबांनी विचारलं, आडनाव?
त्यानं सांगितलं.
बाबांनी पैसे घेतले, मोजले,
आणि उरलेले चाळीस रुपये
त्याच्या पुढे केलेल्या हातात नाही,
फळीवर ठेवले.

तेवढंच.
आमच्याकडे कुणी कुणाला वाईट बोलत नाही.
फळीवर ठेवतात.

आम्ही केईएमच्या ओपीडीत भेटायचो.
तिथे बाकावर बसलेल्या दोघांना
कुणी काही विचारत नाही,
फार तर केसपेपर कुठाय म्हणून.
एकदा एका म्हातारीनं मला अर्धी मोसंबी दिली,
म्हणाली, बरा होईल तुझा माणूस.
तुझा माणूस.
ती मोसंबी आम्ही सालीसकट खाल्ली असती.

मग विजूदादाला कुणीतरी सांगितलं.
फोन गेला, संध्याकाळचा क्लास गेला,
जिन्याच्या दारावर कडीच्या वर दुसरी कडी आली.
कामोठ्यात दोन फ्लॅट असलेलं एक स्थळ
पोहे खाऊन गेलं.

रात्री डंक थांबले की उखळी मी खरवडते.
पितळी चमचा, जुना ब्रश.
सगळ्यांचं थोडं थोडं राहतंच तळाशी,
म्हात्र्यांचं, घाडीगावकरांचं,
नायगावच्या त्या धण्यांचं.
ते सगळं एका डब्यात जातं,
आणि त्या डब्यातून आमच्या घरचं कालवण होतं.
गेली किती वर्षं
बाबा भुरके मारत म्हणतायत,
बाहेरच्या मसाल्याला ही चव नाही.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही.
सांगणार होते, एकदा,
पण त्यांच्या मिशीला रस्सा लागला होता
आणि ते इतके खूश दिसत होते.

मला पळून जायचं नाही.
पळतात ते काही चोरून नेणारे.
मला जायचंय.
दिवसाढवळ्या, चपला शोधून, घालून,
जिना उतरून,
कोपऱ्यावरच्या चिवडेवाल्यानं विचारलं कुठे निघालीस
तर त्याला नीट पत्ता सांगत.

दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून गेले होते ना,
त्या दिवशी वांद्र्याला सही करून आले.
आता तिथल्या फलकावर तीस दिवस
आमची नावं लटकतायत, आडनावांसकट.
सरकारला चिठ्ठी पूर्ण लागते.
येणारे-जाणारे वाचू शकतात, हरकत घेऊ शकतात.
आज एकोणिसावा दिवस.
विजूदादाचा एक मित्र वांद्र्याला कामाला आहे.
मला दात दुखत नसताना दुखतोय.

काल दुपारी डंकाच्या आवाजात
आई शेजारी येऊन बसली.
माळ्यावरची चिनीमातीची बरणी तिनं
धुऊन, उन्हात वाळवून आणली होती.
दोन किलो मसाला दाबून दाबून भरला,
वर हिंगाचे तीन खडे ठेवले,
फडकं बांधलं.
म्हणाली, वर्षभर टिकेल. ओला चमचा घालायचा नाही.

कुणासाठी, मी विचारलं नाही.
सवयीनं चिठ्ठी पुढे केली.
तिनं वजन लिहिलं,
आणि पेन टोपण लावून
परत माझ्या हातात दिलं.